खालची अक्षरं

डिस्क फिरते. भट्टीतला विस्तव आता खरंच तांबडा आहे.
इस्माल्दाच्या टीव्हीवर तो जांभळा असायचा,
आणि पाचही पोरांच्या तोंडावर तिरका हिरवट पाऊस.
तो कॅसेटमधला. आम्हांला वाटे,
तिकडचं हवामानच तसं.

पाववाला आणि त्याची पाच पोरं
परातीभोवती गात फिरतात. पीठ उडतं.
धाकट्याची शिंकसुद्धा तालात.
सुलक्षा आणि मी पुन्हा टाळी चुकवतो,
तेव्हा चुकवायचो त्याच जागी.
आई आमच्या मधे, मांडीवर आळसांद्यांचं ताट.

त्या साली आई बांबोळीच्या इस्पितळात होती.
किती दिवस, ते आम्हांला कुणी मोजून सांगितलं नाही.
बाबा चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकायचे.
पाळी संपली की डबा घेऊन
त्याच बोटीने, उतारू होऊन,
पलीकडे जायचे.
आणि आम्ही दोघी शेजारी, इस्माल्दाकडे.
क्रोशाच्या रुमालाखाली व्हीसीआर,
मुलाने बाहरीनहून पाठवलेला.
कॅसेट एकच.

सिनेमा इंग्रजी. अर्थ इस्माल्दा सांगायची,
गाण्याहून मोठ्या आवाजात,
सुंगटं सोलता सोलता.

खिळ्याला एक एप्रन टांगलेला होता.
पोरं हातातली कणीक तशीच ठेवून
त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. हळू गायला लागली.
"कितें म्हणटात?" सुलक्षाने विचारलं.
इस्माल्दाचा हात थांबला.
"तांची आवय बाहरीनाक गेल्या," ती म्हणाली. "येतली."

तिच्या जगात जो दिसत नाही तो बाहरीनला असायचा.
मुलगा तर होताच.
नाताळाआधी नाहीसा झालेला कोंबडासुद्धा.
नवराही. त्याचं नाव मी पुढे
इगर्जीमागच्या एका क्रूसावर वाचलं.
खाली साल होतं. माझ्या जन्माच्या आधीचं.

मग आम्ही तो सिनेमा रोज
बाहरीनच्या हिशेबाने बघितला.
दुकानाची घंटा वाजली की वाटायचं, आली.
शेवटी एक बाई आलीच. छत्री, पेटी, लांब गळ्याचं गाणं.
तिने खिळ्यावरचा एप्रन काढला, कमरेला बांधला,
पोरं नाचली.
"पळय, आयली," इस्माल्दा म्हणाली.
सुरुवातीच्या फोटोत हिचा चेहरा वेगळा होता, मी म्हटलं.
"थंय वोत चड. मनीस बदलता."

चवथीच्या आठवडाभर आधी
बोटीच्या फळीवरून आई उतरली.
बाबांनी दंड धरलेला. डोक्याला रुमाल, रुमालाखाली काही नाही.
भुवयासुद्धा नाहीत.
आम्ही ओळखलं. आमची तयारी झालेली होती.
सुलक्षा पुढे धावली आणि विचारलं,
"खूब वोत आशिल्लें?"
आई बाबांकडे बघत राहिली.
धक्क्यावर इस्माल्दा पाठमोरी उभी होती,
कुणाशी तरी बोंबलाच्या भावावरून भांडत.

या डिस्कमध्ये खाली अक्षरं येतात.
पाच पोरं एप्रनकडे वळतात
आणि त्यांच्या पायांखालून पांढरी, स्वच्छ ओळ चालत जाते:
पहिला पाव तुझ्या दगडापाशी ठेवला, आई,
चिमण्यांनी खाल्ला.

सुलक्षा माझ्याकडे बघते.
मी बघते आईकडे.
आईचं इंग्रजी सातवीपर्यंतचं,
ओठ हलवत, चष्मा वर ढकलत.
ती आळसांद्यातला एक खडा बाजूला ठेवते.

"ती खालची अक्षरं काढ," म्हणते,
"मधे मधे येतात."

रिमोट उशीखाली असतो. बटण पटकन सापडत नाही,
आधी आवाज जातो, मग चित्र थिजतं,
धाकटा शिंकेच्या अलीकडे तोंड उघडून उभा.
मग एकदाची अक्षरं जातात.
पोरं गायला लागतात, इंग्रजीत,
काहीही.